केआवेचं पहिलं उकुलेले

"नातीसाठी हवंय," केआवेने थाप मारली.

दुकानदार नाकासोनेने लगेच लहान मुलांचं उकुलेले, चार तारांची चिमुकली गिटारच ती, काढून पुढ्यात ठेवलं. गुलाबी. आता खरं बोलायची सोयच उरली नाही. साठीला टेकलेला, धिप्पाड हवाईयन गडी, आणि त्याला उकुलेले येत नाही? ओआहू बेटावरच्या कोंबड्यासुद्धा हसल्या असत्या. म्हणून तर ओळखीचं कुत्रंही भेटणार नाही असं लांबचं दुकान त्याने गाठलं होतं.

सासुरवाडीला सगळे वाजवणारे. जेवणावळ असली की अंगणात कोंडाळं जमायचं आणि एकच उकुलेले हातोहात फिरायचं. ज्याच्या हाती येईल त्याने गायचं. ते आपल्यापाशी पोचतंय असं दिसलं की केआवे उठायचा. "अरे, कोंबडी करपेल!" असं म्हणत निखाऱ्यांकडे पळायचा. लग्नाआधीपासून हेच. मेहुणा मोझेस चिडवायचा, "आमचे दाजी म्हणजे नुसते आचारी!" केआवे हसण्यावारी न्यायचा. पण बायकोकडे, पुआकडे, बघायचं टाळायचा. एवढ्या गाणाऱ्यांच्या घरातली लेक, आणि पदरी पडला हा दगड! एकदा, फक्त एकदा तिला आपला अभिमान वाटावा, एवढीच त्याची आस होती.

मग ते गुलाबी उकुलेले घेऊन रोज संध्याकाळी समुद्रकाठी गाडी उभी करून, काचा वर चढवून तो शिकू लागला. बोटं सोलली. सूर असे, की मांजरीच्या शेपटीवर पाय पडावा. पण एके दिवशी एका गाण्याला तारा गोड बोलल्या आणि अहाहा! गडी एकटाच खदाखदा हसला. तेच गाणं वाजवत बसला, घरी जायचं भानही राहिलं नाही.

नातीचा पहिला वाढदिवस आला. अख्खी आळी जेवायला. कोंडाळं जमलं, उकुलेले फिरत फिरत शेजारी आलं. केआवे उठला नाही. त्याने खुर्चीखालून आपलं गुलाबी बाहेर काढलं. हशा पिकला. मग त्याने छेडलं, आणि हसणारे गप्प झाले.

"दाजी! छुपे रुस्तम निघालात की!" मोझेस ओरडला. म्हाताऱ्या मावश्यांनी डोळे पुसले. केआवेची नजर पुआला शोधत होती. कोंडाळ्यात ती नव्हती.

ती निखाऱ्यांपाशी होती. घामाघूम, धुराने डोळे लाल, एकटी कोंबड्या उलटत होती. केआवे धावत गेला.

"ऐकलंस ना?"

"ऐकलं. छान वाजवतोस."

"मग तोंड का असं?"

पुआने चिमटा हातातच ठेवला. "माझा बाप वाजवायचा. भाऊ वाजवायचे. काका, मामा, झाडून सगळे. आणि धुरात मरायची ती आई. त्या कोंडाळ्यातून कामाला उठणारा पुरुष मी जन्मात एकच पाहिला होता. म्हणून तर तुला हो म्हटलं, मेल्या!"