पहारेकऱ्याला कळलं कसं नाही?

"पाळण्यात ओंडका ठेवून राणी मूल घेऊन पळते, आणि पहारेकरी सकाळपर्यंत त्या ओंडक्याला झोके देत बसतो. प्रेक्षकांना काय बुद्धू समजता?"

बाळाच्या बापानं, धाकट्यानं, मोबाइलवरची प्रतिक्रिया वाचून दाखवली आणि सगळे हसले. मालिकेचा दुपारचा भाग नुकताच संपला होता.

थोरली सून पाळण्याशी बसली होती. एका हातात दोरी, दुसरा मच्छरदाणीच्या आत. भाग सुरू झाल्यापासून तिनं कुणाला जवळ फिरकू दिलं नव्हतं. सासूबाई डोकावायला आल्या, तेव्हा आत्ता कुठे डोळा लागलाय म्हणून तिनं त्यांना परत धाडलं.

सासूबाईंना त्याचं कौतुकच वाटलं. संध्याकाळच्या गाडीनं बाळ थोरलीबरोबर जाणार होतं, कायमचं. तिला मूल नव्हतं आणि धाकटीला काय, पुढे दुसरं होईलच, असं मोठ्यांनी ठरवलं होतं. थोरलीला विचारायची गरजच पडली नाही. बिनमुलाच्या बाईला दुसरं काय हवं असणार?

धाकटी रडली, भांडली, ताटावरून उठून गेली. आज मात्र गप्प होती. मघाशी इस्त्रीच्या कपड्यांची टोपली घेऊन खाली गेली. टोपली थोरलीनंच उचलून दिली होती.

"आली एकदाची ताळ्यावर," सासूबाई म्हणाल्या.

सासरे दिवाणावर चुळबुळत होते. पाठीची उशी कुणी हलवली, हा त्यांचा रोजचाच प्रश्न.

धाकटा पुढे वाचत होता. मूळ दंतकथेत राणी मुकाट्यानं मूल जादूगाराला देते आणि दुःखानं तळ्याकाठी दगड होते. शेकडो वर्षांच्या कथेची या लोकांनी माती केली, असं एकानं लिहिलं होतं. दुसऱ्यानं तर राणीला चोर ठरवलं होतं.

"चोर कशी? मूल तिचंच होतं," थोरली म्हणाली.

"राजानं शब्द दिला होता, वहिनी."

"राजानं दिला होता ना? मग त्यानं व्हावं दगड."

थोरलीच्या नवऱ्यानं ते हसण्यावारी नेलं. "अगं, तू कुणाची बाजू घेतेस? या गोष्टीत तू जादूगार आहेस."

पुन्हा हशा झाला. थोरलीही हसली. झोका थांबला नाही.

तिचा मोबाइल वाजला. तिनं मेसेज वाचला आणि मोबाइल पालथा ठेवला.

"पुरे ती मालिका," सासूबाई उठल्या. "बाळाला उठव आता. तयारी करायला हवी."

थोरलीनं दोरी सोडली. मच्छरदाणी वर केली, दुपटं बाजूला सारलं आणि दोन्ही हातांनी अलगद उचललं.

"घ्या बाबा," ती सासऱ्यांना म्हणाली, "तुमची उशी."