गळ्याभोवती नाळ

ब्राझीलमधल्या रेसिफे शहरातल्या आमच्या बालवाडीची पहिली पालकसभा होती. बाई अजून यायच्या होत्या, म्हणून आम्हा आयांमध्ये बाळंतपणाचा विषय निघाला.

"माझ्या पोराच्या गळ्याभोवती नाळ होती," सिलेने म्हणाली. "डॉक्टर एवाल्दोंनी तासाभरात सिझर केलं, म्हणून तो आज दिसतोय."

माइराच्या मुलीच्याही गळ्याभोवती नाळच होती, आणि तिलाही एवाल्दोंनीच वाचवलं होतं. आणखी दोघींचं तेच. देवमाणूस आहे, यावर चौघींचं एकमत झालं. मग त्या माझ्याकडे वळल्या.

"माझेही डॉक्टर तेच," मी म्हणाले. "पण मला कळा आल्या कार्निव्हलच्या रविवारी. डॉक्टर गेलेले समुद्रकाठच्या बंगल्यावर, फोन बंद. शेवटी सरकारी दवाखान्यातल्या नर्सबाईने सुटका केली. नॉर्मल झालं."

"अगं बाई," सिलेने कळवळली. "म्हणजे नेमका तुलाच देवमाणूस मिळाला नाही."

माइराने तर माझा हात हातात घेतला, जसं काही माझं पोरगं दगावलंच होतं. ते समोर घसरगुंडीवर बसून कोणालाही खाली येऊ देत नव्हतं.

तेवढ्यात बाई वाढदिवसांची यादी घेऊन आल्या आणि त्या चौघींना म्हणाल्या,



"तुम्ही मिळून एकच केक आणा. चौघंही एकाच दिवशी जन्मलीत, कार्निव्हलची सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी."