न मोजलेल्या पायऱ्या

नऊ वर्षांपूर्वी चिखल्याहून ज्योत्स्नाताईंचं पत्र आलं होतं. “पवनीच्या जुन्या घाटावरचा तुमचा लेख आईला वाचून दाखवला. तिला तिथं जायचंय. एसटीनं कसं जायचं? पायऱ्या किती? तिचे गुडघे दुखतात.” लाजेनं मी उत्तर दिलं नाही. लेख पुस्तकांवरून लिहिला होता. घाट पाहिलाच नव्हता. आज भंडाऱ्याहून एसटीत बसलो. कंडक्टरला वाट विचारली. “इथलेच असून घाट नाही पाह्यला, बाबाजी?” तो हसला. घाटावर पायऱ्या मोजू लागलो. मासे विकणारी बाई म्हणाली, “कायले मोजून राहिले?” “गुडघे दुखणाऱ्या बाईंसाठी.” “मंग आना ना! मी जिजा. मले हाक मारा, हात धरून उतरवीन.” तिथंच पत्र लिहिलं: बस, वाट, पायऱ्या, जिजा, माझा खोटेपणा. शेवटी ‘आईंना नमस्कार’ लिहिताना हात थांबला. नऊ वर्षांनी त्या असतील का? शब्द तसेच ठेवून पत्र टपालपेटीत टाकलं.