टाके उसवेपर्यंत

"हसू नका म्हटलं ना. टाके उसवतील," नर्सने पुन्हा बजावलं. पण दादाला हसू आवरत नव्हतं. एका हाताने तो पोटावरची पट्टी दाबून धरत होता, दुसऱ्या हातात कादंबरी होती. सार्वजनिक वाचनालयातल्या एका ग्रंथपालबाईंची मजेशीर कहाणी. कॉटशेजारी उभ्या असलेल्या बहिणीनेच ती त्याला आणून दिली होती.

समोरच्या कॉटवर बहिणीचा नवरा पडला होता. डोक्याला बँडेज, एक हात बेडीने दांडीला अडकवलेला. मधे स्टूल टाकून हवालदार. पुरुषांचा वॉर्ड एकच, त्यामुळे दोघं समोरासमोर.

परवा दादा न सांगता तिच्या घरी आला. तिचा सुजलेला डोळा पाहिला आणि खुर्ची उचलून मेव्हण्याच्या डोक्यात घातली. मेव्हणा रक्त पुसत स्वयंपाकघरात गेला आणि सुरी घेऊन आला. ती मधे पडेपर्यंत सुरी दादाच्या पोटात गेली होती. नंतर फरशी तिनेच पुसली. कुणाचं रक्त कुठलं, काही कळत नव्हतं.

हवालदाराला तिने सांगितलं, "डोळ्याला कपाटाचं दार लागलं. ते का भांडले, मला ठाऊक नाही."

"हे ऐक," म्हणत दादा मोठ्याने वाचू लागला. वाचक खूण म्हणून पुस्तकात काय काय विसरतात, त्याचं प्रकरण होतं. कुणी कंगवा, कुणी चमचा, एकाने तर चक्क कवळी. ती कवळी हातात घेऊन ग्रंथपालबाई वाचनालयभर एकेकाला तोंड उघडायला लावत हिंडत होत्या. हवालदाराने तोंड फिरवलं, पण त्याचे खांदे हलत होते. आणि ती हसली. डोळा ठणकला, तरी हसत राहिली.

"दात काय काढतेस?" नवरा गुरगुरला. मोकळ्या हाताने त्याने उशाचा स्टीलचा जग उचलला आणि फेकला. तो तिच्या कानशिलावर बसला. दादा ताडकन उठायला गेला आणि कळवळून कोसळला. त्याची पट्टी लाल होत गेली. हवालदाराने नवऱ्याला कॉटवर दाबून धरलं, तरी तो ओरडतच होता, "घरी चल तू. मग बघतो."

नर्स धावत आली. तिने दादाच्या पोटावर कापसाचा बोळा दाबला.

बहीण सवयीने गप्प झाली होती. कानामागून रक्ताचा ओघळ मानेवर उतरला. तो तिने पुसला नाही. खाली पडलेलं पुस्तक उचललं, पान शोधलं, दादाच्या हातात दिलं. मग हवालदाराकडे वळली.

"दार लागलं नव्हतं," ती म्हणाली. "हा मारतो. लग्न झाल्यापासून मारतो."

ती दादाच्या पायाशी नीट मांडी घालून बसली.

"टाके घालून झाले की वाच. सावकाश वाच, दादा. मला आता घरी जायचं नाही."