तीनची बैठक

पावणेतीनला शेतकरी कंपनीची समन्वयक राबिया देऊळघाटच्या सात बायकांना घेऊन कंपनीच्या बुलढाण्यातल्या ऑफिसात पोचली. बायकांना तिनं खाली पायऱ्यांवर बसवलं आणि वर आली, तर सभागृहात खुर्च्या अस्ताव्यस्त आणि टेबलावर चहाचे रिकामे कप. बाहेरच्या बाकावर संचालक महादेवराव गावच्या एसटीला वेळ होता म्हणून बसले होते.

"काऊन वं राबिया, मीटिंग झाल्यावर आली?" ते म्हणाले. "अकराले होती ना. भाजी केंद्राचा ठराव बी झाला."

"अकराले? तीनची होती, काका."

"टाइम बदलला म्हणून मंजुश्रीनं काल फोन करून सांगतलं मले. तुले नाही केला?"

देऊळघाटात भाजी केंद्र यावं म्हणून गेले दोन महिने राबिया धावपळ करत होती. वांगी, मेथी, कोथिंबीर गावातच मोजून द्यायची, पहाटे चारला उठून टोपल्या घेऊन बुलढाण्याचा बाजार गाठायचा नाही, एवढंच बायकांचं मागणं. आणि ते त्यांनी आज आपल्या तोंडानं सांगायचं ठरलं होतं. शबानाखाला तर ऑटोत सगळं पुन्हापुन्हा म्हणून बघत आली होती.

ती तडक मंजुश्रीच्या टेबलाशी गेली. मंजुश्री बैठकीचं इतिवृत्त टाइप करत होती.

"साहेबाले दुपारी अकोल्याले जाचं होतं, ताई," ती मान वर न करता म्हणाली. "मेल तर गेला असन तुमाले. नेटवर्कचा काही भरवसा नाही."

मेल गेला असन! आणि हे ती सांगत होती कोणाला? वर्षापूर्वी ही पोरगी नोकरीला लागली तेव्हा शेजारी खुर्ची ओढून तिला कॅलेंडर शिकवलं ते राबियानंच. बैठकीची वेळ बदलली की ते थांबतं आणि विचारतं, सगळ्यांना कळवायचं का? पाठवा, की पाठवू नका? साहेब मेलच्या माऱ्याला वैतागायचे. म्हणून किरकोळ बदल असला तर खुशाल 'पाठवू नका' दाबत जा, हे शहाणपणही राबियाचंच. बैठका हलवायचा अधिकारसुद्धा तिनंच दिला होता, पोरगी हुशार आहे म्हणून. राबियाच्या जुन्या फोनवर फक्त मेल येतो, कॅलेंडर ती ऑफिसातच बघते आणि आज सकाळभर ती गावात बायका गोळा करणार आहे, हे मंजुश्रीइतकं कोणाला ठाऊक नव्हतं.

राबियानं तिच्या हाताखालून माउस ओढून घेतला. पुढच्या आठवड्यातली एक साधी बैठक दहावरून साडेदहावर सरकवली. पडद्यावर ती नेहमीची चौकट उघडली.

"वाच," राबिया म्हणाली. "विचारते ना हे? दर खेपेले विचारते. हे बटन नेटवर्क नाही दाबत, माणूस दाबते. काल तू कोणतं दाबलं?"

मंजुश्रीनं हात पुढं करून चौकट बंद केली.

"केंद्र कुठी गेलं?"

"आमच्या गावाले," मंजुश्री म्हणाली. मग अगदी हळू, "मामंजीच्या वावरात. मले त्याच घरात राहाचं हाय, ताई."

केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच, हे राबियाला कळलं. राग तर आलाच, पण त्याहून लाज वाटली. बायकांना आणलं होतं तिनं आणि या पोरीच्या हाती सगळं सोपवलंही होतं तिनंच. ती जिना उतरली.

सातही जणी उठून उभ्या राहिल्या. कोणी पदर सारखा केला, कोणी ओढणी.

"चालाचं का वर?" कोकिळाबाईंनी विचारलं.

"मीटिंग झाली, काकू. सकाळीच. आपल्याले कळवलं नाही कोणी." राबिया म्हणाली. "केंद्र दुसऱ्या गावाले गेलं."

तेवढ्यात राबियाच्या हातातला फोन वाजला. बैठकीचं इतिवृत्त आलं होतं. सगळ्यांना एकदम गेलं होतं. या खेपेला मंजुश्रीनं कोणालाही गाळलं नव्हतं. कोकिळाबाई बचत गटाच्या सचिव, असले कागद त्यांच्या रोजच्या वाचनातले. त्यांनी फोन घेतला आणि मोठ्यानं वाचायला लागल्या.

"भाजी संकलन केंद्राचा ठराव सर्वानुमते मंजूर. उपस्थित, महादेवराव, इंद्रभान, रामराव..." त्या अडखळल्या. "राबिया शेख."

"ते तसंच येते, काकू," राबिया घाईघाईनं म्हणाली. "आमंत्रण आलं तवा मी सोमवारीच 'येते' म्हणून दाबलं होतं. त्या यादीवरूनच हजेरी उतरवतात इथं. मी तर तुमच्यासंग ऑटोत..."

"पन सकाळी अकराले तू कुठी होती?" कोकिळाबाईंनी विचारलं. "माह्याकडं तर बारा वाजता आली."

"मी घरोघर फिरत होती, सगळ्याइले सांगत..."

शबानाखालांचं लक्ष वेगळ्याच शब्दावर अडकलं होतं. "सर्वानुमते म्हंजे काय वं, कोकिळा?"

"सगळ्याइनं हो म्हटलं म्हंजे."

शबानाखालांनी राबियाकडं पाहिलं. रागानं नाही; नुसतं, नीट पाहिलं.

"मंग तूनं बी हो म्हटलं का, बेटी?"