हिदिरची नाममुद्रा

"चोर आहेत मेले!" इपेकने मोबाइलचा आवाज वाढवला. कडेवरचं बाळ दचकलं. "आई, ऐक. बाबांचं गाणं आहे हे!"

तिची आई दोन्दू द्राक्षाच्या पानांत भात गुंडाळत बसली होती. तिने मान वर केली नाही. "आधी बाळाचं बघ," ती म्हणाली.

गाणं बाबांचंच होतं. पण साझ या तंतुवाद्याला वीज जोडलेली, मागे ढोल, आणि सूर असे गुंगीचे की गावाकडचे, शिवास प्रांतातले डोंगर नशेत झुलताहेत असं वाटावं. या बँडचं नावही इपेकने आजवर ऐकलं नव्हतं. गाण्याखाली कवीच्या जागी एकच शब्द होता: पारंपरिक.

"बाबांच्या कबरीवरची माती वाळली नाही, आणि हे म्हणे पारंपरिक!"

डोंगरापलीकडे दिलेल्या नवरीचं ते गाणं. इपेकचे बाबा हिदिर साझ मांडीवर घेऊन गायला लागले की अख्खी बैठक डोळे पुसायची. बाईचं काळीज या पुरुषाला कळलं कसं, म्हणायचे लोक. शेवटच्या कडव्यात 'हिदिर म्हणतो' अशी नाममुद्रा यायची आणि दोन्दू नेमकी तेव्हाच उठायची. "चहा बघते." गाण्यातलं हिला काही कळत नाही, असं घरात सगळे धरूनच चालले होते.

बँडने नेटवर टाकलेल्या तुकड्यात ते शेवटचं कडवं नव्हतंच. इपेकचा संशय तिथेच पक्का झाला. चोर आधी नाव खोडतो. घर नाही, जमीन नाही, बाबांनी मागे ठेवलं ते एवढंच. उद्या बाळाने 'माझ्या आजोबांचं गाणं' म्हटलं, तर चारचौघांत हसू होईल त्याचं.

रविवारी दुपारी तोच बँड एस्किशेहिर शहरात नदीकाठच्या चहाच्या बागेत गाणार होता.

"सोड गं," दोन्दू म्हणाली. "गाणं काय, वाऱ्यावरचं." पण निघायच्या वेळी नवा रुमाल डोक्याला बांधून दारात आधी तीच उभी. हेही इपेकला खटकलं.

बागेत पोचताच इपेकने बाळाला आईच्या मांडीवर दिलं आणि ती तडक मंचापाशी गेली. चमचमत्या जाकिटातली गायिका तारा जुळवत होती.

"कुठून उचललंत ते नवरीचं गाणं?"

"आजीकडून शिकले, ताई. तिच्या गावात मेंदीच्या दिवशी बायका म्हणायच्या. पुरुषांना आत सोडत नसत."

"वा! आजीचं नाव सांगितलं की काहीही खपतं."

"आधी गाऊ तर द्या, ताई. मग मारा!"

इपेक परत येऊन बसली आणि तिने मोबाइल उंच धरून चित्रण सुरू केलं. वकिलाला पुरावा लागतो. ढोल घुमला, साझ गरगरली, पोरंपोरी डोलू लागली. इपेक एकेक शब्द कान देऊन ऐकत होती. एकही चुकीचा नव्हता. त्याचीही तिला चीड आली.

"आता बघ," ती आईच्या कानाशी लागली. "शेवटचं कडवं आलं. नाव गाळणार बघ."

नाव त्यांनी गाळलं नाही. जिथे यायचं तिथेच, त्याच वळणावर, ढोल थांबवून गायिकेने ते स्वच्छ म्हटलं:

"दोन्दू म्हणते, डोंगरा, माझी हाक तरी पलीकडे जाऊ दे..."

इपेकचा हात खाली आला. मोबाइल चालूच होता, पुरावा गोळा होत होता. आईकडे बघायचा तिला धीर होईना. काहीतरी बोलायचं म्हणून ती अर्धवट उठली.

"आई, चहा... तुला चहा आणू?"

"बस खाली," दोन्दू म्हणाली. "शेवटचं कडवं चाललंय."