ठशावर नसलेलं बेट

नागासाकीच्या हेइस्केने डच नकाशावरून जगाचा लाकडी ठसा कोरला. पहिल्याच कागदावर, डचांनी मोकळ्या सोडलेल्या समुद्रात एक बेट उमटलं.

"हे मी कोरलेलं नाही! नकाशात मनाची जमीन घातली म्हणून अधिकारी तुरुंगात टाकेल." त्याने तेवढी जागा खोल खरवडून काढली.

"राहू द्या ना हो," त्याची बायको ओशिगे म्हणाली. "आपला लेक तात्सुझो होडी घेऊन त्याच समुद्रात हरवलाय. तिथे जमीन असेल तर..."

"डचांना दिसली नाही, ती तुला दिसली होय?"

त्या खळग्यात शाई पोचणंच शक्य नव्हतं. हेइस्केने ठशाला शाई लावून त्यावर नवा कागद ठेवला, घासला आणि उचलला.

बेट होतंच. आता त्याच्या काठाला एक रिकामी होडी लागली होती. ओशिगेचा जीव भांड्यात पडतोय तोच तिला वाळूवर पावलं दिसली, मुंगीएवढी, दोन माणसांची.

तात्सुझो तर एकटाच गेला होता.